पाण्यावरचा चारा आणि कडब्याची गंजी

उन्हाळा तोंडावर आला, विहिरींनी तळ दाखविला आणि गोठ्यातील गव्हाणी ओस पडू लागल्या म्हणजे आमच्या सीमाभागातील शेतकऱ्याच्या दारात दोन प्रकारची माणसे हमखास उभी राहतात. एक, पडत्या भावाने जनावर सोडवून नेणारा दलाल. आणि दुसरा, चमत्कार विकणारा. दलालास आमचा शेतकरी पुरता ओळखून आहे. त्याच्याशी चार शब्द वाजवून कसे बोलावे हे त्याला शिकवावे लागत नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्याचा. कारण त्याच्या हातात रंगीत पत्रक असते, पत्रकावर हिरव्यागार चाऱ्याचे चित्र असते, चित्राखाली अनुदानाचा आकडा असतो आणि तोंडी विज्ञानाचे नाव असते. जमीन नको, बैल नकोत, पाऊस नको. सात दिवसांत एक किलो मक्याचा सहा किलो हिरवा चारा होतो आणि पाणी शेतातल्यापेक्षा वीसपट कमी लागते, असे तो सांगतो. तहानलेल्या मुलखात हे शब्द कानाला गोड लागावेत यात नवल नाही. म्हणूनच या मातीविना चाऱ्याचा, म्हणजे ज्याला हायड्रोपोनिक चारा म्हणतात त्याचा, एकदा नीट हिशेब मांडावा असे आम्हांस वाटते.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. रीत साधी आहे. मका स्वच्छ धुऊन दिवसभर भिजत घालावयाचा, ओल्या गोणपाटात बांधून मोड आणावयाचे, मग ते धान्य भोके पाडलेल्या उथळ ट्रेमध्ये पसरून मांडणीवर ठेवावयाचे आणि दर दोन-तीन तासांनी त्यावर पाण्याचे तुषार मारावयाचे. सातव्या-आठव्या दिवशी मुळांची जाड गादी आणि तिच्यावर वीतभर उंचीची कोवळी पाती तयार होतात. ती गादी उचलून मुळांसकट जनावरास घालता येते. आमच्या आयाबहिणी मटकीला मोड आणतात, नवरात्रात घटापाशी धान्य पेरून नवव्या दिवशी त्याचे तुरे काढतात. त्याचीच ही मोठ्या प्रमाणावर केलेली आवृत्ती होय. विद्या परकी नाही आणि अगदी नवीही नाही. युरोपातील गवळी एकोणिसाव्या शतकातच हिवाळ्यात गाईंसाठी धान्याला मोड आणीत असत. मातीविना पिके घेण्याच्या पद्धतीस हायड्रोपोनिक्स हे नाव कॅलिफोर्नियाच्या गेरिक या शास्त्रज्ञाने १९३७ साली रूढ केले, आणि आपल्या देशात तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिंपाँग येथे शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास त्याचे प्रयोग केले. तेव्हा ही वस्तू थोतांड आहे असे आम्ही म्हणत नाही. खरी वस्तू खोट्या जागी विकली जात आहे, अशी आमची तक्रार आहे.

या वस्तूची खरी जागा कोणती हे समजून घ्यावयाचे तर हैदराबादेकडे पाहावे. हैदराबाद आम्हांस परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि बिदर यांचा कारभार त्याच नगरीतून चालत होता. आजही आमच्या आणि हैदराबादच्या पाण्याची नाळ एक आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर आणि बिदरच्या शिवारातून वाहत तेलंगणात उतरते. तिच्यावरच्या मांजरा बंधाऱ्याचे आणि सिंगूर धरणाचे पाणी हैदराबादने वर्षानुवर्षे प्याले आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरेवरचे धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले, तो दिवस लातूरकर विसरलेले नाहीत. त्याच दुष्काळात नदीच्या खालच्या अंगास सिंगूरही आटले होते आणि हैदराबादला कृष्णा-गोदावरीचे पाणी शंभरावर किलोमीटरांवरून उचलून आणून दिवस काढावे लागले. नदीला सरहद्द ठाऊक नसते आणि दुष्काळालाही ती ठाऊक नसते. ज्या पाण्यासाठी हैदराबादचा गवळी तळमळतो त्याच पाण्यासाठी भालकीचा आणि उदगीरचा शेतकरी तळमळतो.

हैदराबाद हे म्हशींचे शहर आहे. दिवाळीनंतर तेथील यादव समाज नारायणगुड्याला सदरचा उत्सव भरवितो आणि रेड्यांना शृंगारून मिरवितो, ती नुसती करमणूक नव्हे. शहराच्या दुधाचा मोठा भाग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरविला त्यांचा तो मान आहे. पण या म्हशी खातात काय? शहरात कुरण नाही, गोठ्यामागे वावर नाही. १९०८ साली मुशी नदीला महापूर आला. पुढे पुराला आवर घालण्यासाठी आणि शहराला पाणी देण्यासाठी १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे तलाव झाले. वरचे पाणी अशा रीतीने अडले आणि शहर वाढत गेले. मग मुशीच्या पात्रात बारमाही वाहू लागले ते मुख्यतः शहराचे सांडपाणी. त्या सांडपाण्यावर नदीकाठच्या शेतकऱ्यांनी पॅरा गवत लावले. या शतकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासकांनी त्या काठाची पाहणी केली, तेव्हा शहरालगतच्या पट्ट्यात हेच मुख्य पीक झालेले त्यांना आढळले. हे गवत बारा महिने कापता येते, रोज विकता येते आणि गटाराच्या पाण्यावर जोमाने वाढते. मजूर पहाटे ते कापीत, चारा बाजारात त्याच्या पेंढ्या उतरत आणि सायंकाळी शहर त्याचे दूध पिई. त्या पाण्यात घरांबरोबर कारखान्यांचीही घाण होती, हे निराळे सांगावयास नको. पुढे सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे वाढली, शहर त्या शेतांवरही पसरले, आणि शहरी गवळ्यापुढे हिरव्या वैरणीचा प्रश्न अधिकच बिकट होऊन बसला.

अशा जागी मातीविना चाऱ्याचा विचार करणे शहाणपणाचे आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. ज्याच्यापाशी दहा म्हशी आहेत पण हातभर जमीन नाही, ज्याला गटारावरच्या गवताशिवाय हिरवे मिळत नाही, जो पेंड आणि सरकी रोकडीने विकत घेतोच आहे, त्याने दोन बाजांएवढ्या जागेत बांबूची मांडणी उभारली आणि रोज जनावरामागे पाच-सात किलो कोवळा, स्वच्छ, मुळांसकट चारा घातला तर त्याचे नुकसान होणार नाही. पेंडीची थोडी बचत होईल, जनावर आवडीने खाईल. हा अनुभव कागदावरचा नाही. गोव्यात जुन्या गोव्याजवळील एला येथील केंद्रीय कृषी संशोधन संकुलाने २०११ पासून या विषयावर चिकाटीने काम केले. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून तेथे आणि दूध संस्थांमधून ही चारायंत्रे बसविण्यात आली. एक किलो मक्यापासून पाच ते सहा किलो ओला चारा मिळतो, एक किलो चाऱ्याला दोन-तीन लिटर पाणी पुरते, त्यातील प्रथिनांचे शेकडा प्रमाण धान्यापेक्षा वाढते आणि दुभत्या गाईंच्या दुधात शेकडा आठ ते तेराच्या आसपास वाढ दिसते, असे त्या प्रयोगांत आढळले. गोव्यात जमिनीचा तुकडा लहान, मजुरी महाग आणि वैरण बाहेरून येणारी. तेथे ही गोष्ट करून पाहणे योग्यच होते.

परंतु त्याच शास्त्रज्ञांनी दुसरीही एक गोष्ट लिहून ठेवली आहे. ती मात्र पत्रकात छापली जात नाही. ती गोष्ट सुक्या वजनाची.

वैरणीचे मोल तिच्यातील पाण्यावरून ठरत नाही. पाणी वाळवून काढल्यावर जे उरते त्यावरून ठरते. आमच्या शेतकऱ्यास हे कोणत्याही पुस्तकावाचून कळते. म्हणूनच तो ओल्या गवताचा भारा आणि वाळलेल्या कडब्याची पेंढी एकाच तराजूत घालीत नाही. आता हा तराजू मोडाच्या चाऱ्याला लावू. एक किलो कोरड्या मक्यात सुमारे ९०० ग्रॅम सुका अंश असतो. त्यापासून जो सहा किलो हिरवा चारा निघतो त्यात शेकडा १३ च्या आसपास सुका अंश, म्हणजे सारा मिळून ७५० ते ८०० ग्रॅम. बाकीचे सव्वापाच किलो काय? तर पाणी. एवढेच नव्हे, तर मूळच्या ९०० ग्रॅमांतले शे-दीडशे ग्रॅम मध्येच नाहीसे झाले. कोठे गेले? मोड उगवताना बीज आपल्यातील पिठावरच जगते. सात दिवस श्वास घेते आणि ते पीठ जाळते. पीठ जळाले म्हणून उरलेल्यात प्रथिनांचे शेकडा प्रमाण वाढलेले दिसते. आवळा देऊन कोहळा काढणारे आम्ही पुष्कळ पाहिले. येथे कोहळा देऊन आवळा घ्यावयाचा आहे आणि तो आवळा पाण्याने फुगला म्हणून त्यालाच कोहळा म्हणावयाचे आहे!

हाच हिशेब एका म्हशीपुरता करू. साडेचारशे किलो वजनाच्या दुभत्या म्हशीला दिवसाकाठी सुमारे ११ किलो सुका अंश पोटात जावा लागतो. तो सगळा मोडाच्या चाऱ्यातून द्यावयाचा म्हटले तर ८० ते ८५ किलो चारा रोज लागेल, आणि त्यासाठी रोज १४ किलो मका भिजत घालावा लागेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मक्याची आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये ठरविली. त्या भावाने नुसत्या बियाण्याचेच ३३६ रुपये होतात. ट्रे, वीज, मजुरी आणि कर्जाचे व्याज निराळे. २०१९ च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकार चारा छावण्यांना मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये आणि पुढे १०० रुपये देत होते, आणि तेही पुरत नाहीत म्हणून चालकांची ओरड होती. चार रुपयांत किलोभर हिरवा चारा, ही जाहिरात खोटी नाही. पण सुक्या वजनावर तोच भाव किलोला तीस रुपयांच्या वर जातो हे ती सांगत नाही. त्यातच मक्याला गिऱ्हाईक एक उरलेले नाही. कुक्कुटपालनाचा धंदा तो मागतो, आता इथेनॉलचे कारखानेही मागतात. २०२४ साली तर आपल्या देशाला बाहेरून मका आणावा लागला. ज्या धान्यासाठी एवढी ओढाताण चालली आहे त्यावर गरिबाच्या म्हशीचे पोट टांगून ठेवणे हा कोणता शहाणपणा?

आता पाण्याकडे वळू, कारण पाण्याच्याच नावाने ही वस्तू विकली जाते. ट्रेवर शिंपडलेले पाणी दोन-तीन लिटर, हे खरे. पण तो मका आकाशातून पडत नाही. जगभराच्या सरासरीने एक किलो मका पिकवावयास सुमारे १,२०० लिटर पाणी लागते, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्या किलोचे सहा किलो मोड झाले, तेव्हा मोडाच्या प्रत्येक किलोमागे २०० लिटर पाणी कोणाच्या ना कोणाच्या शेतात आधीच खर्ची पडले आहे. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून? येथे आड दुसऱ्याच्या शेतात आहे एवढेच, आणि पोहरा आमच्या गोठ्यात दिसतो म्हणून पाणी वाचले असे आम्ही समजतो.

तरी या हिशेबालाही एक दुसरी बाजू आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मक्याच्या त्या पाण्यातला मोठा भाग, जगाच्या सरासरीने सुमारे तीन चतुर्थांश, पावसाचा असतो. जो मका खरिपात पावसावर पिकला आणि घरच्या कणगीत पडला, त्याचे वैशाखात मोड काढणे म्हणजे मृगाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवून ठेवण्यासारखेच आहे. ही खरी बचत होय. याउलट जो मका उन्हाळी हंगामात विंधन विहिरीच्या पाण्यावर पिकवून, मालमोटारीत भरून, दलालाच्या हातून आमच्याकडे येतो, त्याचे मोड काढून पाणी वाचविल्याच्या गप्पा मारणे म्हणजे शेजाऱ्याची घागर रिकामी करून आपल्या रांजणाची पूजा करणे आहे. तेव्हा या चाऱ्याने पाणी वाचते काय, या प्रश्नाचे उत्तर यंत्रात मिळणार नाही. बियाणे कोठले आणि ते कोणत्या पाण्यावर पिकले, हे विचारावे लागेल.

मग मूळ प्रश्नाचे काय? जनावरांच्या पोटाचे काय? आमचे स्पष्ट मत असे आहे की आमच्या मुलखात चाऱ्याचा दुष्काळ केवळ पावसाने आणलेला नाही. लातूर, उदगीर, देगलूर, भालकी, औराद या पट्ट्यात एके काळी घरोघर कडब्याची गंजी असे. घराची पत तिच्या उंचीवरून ओळखली जाई आणि सोयरीक करताना पाहुण्यांची नजर आधी तिकडे वळे. ती गंजी गेली, कारण ज्वारी गेली. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. नगदी पैसा आला, पण गव्हाण रिकामी झाली. मांजरेच्या काठाने ऊस चढला आणि जे थोडे पाणी होते ते त्याने ओढून घेतले. मग दुष्काळ पडल्यावर तोच ऊस तोडून छावणीत जनावरांपुढे टाकावा लागतो, ही केवढी विटंबना! ज्वारीच्या पिकाला दिलेले पाणी दोनदा कामाला येते. कणसातून माणसाची भाकरी निघते आणि ताटातून जनावराची वैरण. कडब्यासाठी निराळे पाणी द्यावे लागत नाही. धान्याच्या पाण्यातच तो फुकट पिकतो. पाणी वाचविणारी याहून मोठी युक्ती कोणत्याही कारखान्यातून अद्याप बाहेर पडलेली नाही.

आणि गंमत अशी की या कडब्याची खरी किंमत हैदराबादच्याच बाजाराने दाखवून दिली आहे. शहराजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, आहे. तेथे काम करणाऱ्या पशुखाद्याच्या अभ्यासकांनी २००४-०५ च्या सुमारास हैदराबादच्या कडबा व्यापाऱ्यांकडून वर्षभर नमुने घेतले. शहरातील म्हशींसाठी तेथे रायलसीमेचा कडबा येई, रायचूरचा येई, तेलंगणाचा येई, आणि प्रत्येकाचा भाव निराळा. अभ्यासकांनी प्रयोगशाळेत पचनीयता मोजली, तेव्हा हलक्या कडब्याची शेकडा ४७ आणि उंची कडब्याची ५२ भरली. अवघ्या पाच टक्क्यांचा हा फरक, पण बाजारात त्याला किलोमागे वीस टक्क्यांहून अधिक भाव मिळत होता. व्यापाऱ्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. त्याच्यापाशी होती ती दृष्टी आणि बोटांची पारख. जो कडबा टाकाऊ म्हणून आमचे कृषिपंडित कित्येक वर्षे धान्याच्या आकड्यांतून वगळीत आले, त्याची प्रत अशा रीतीने बाजारात रोज तोलली जात होती. त्या अभ्यासानंतर धान्य आणि कडबा दोन्ही चांगले देणारे वाण निवडावेत हा विचार शास्त्रज्ञांत बळावला. आमच्या शेतकऱ्याने तो केव्हाच स्वीकारला होता. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळला १९३० च्या दशकात मालदांडीतून निवडलेला वाण आजही रब्बीत टिकून आहे, तो त्याच्या भाकरीइतकाच त्याच्या कडब्यामुळे. राहुरी आणि परभणीच्या विद्यापीठांनीही फुले वसुधा, फुले रेवती, परभणी मोती असे वाण त्याच वाटेने दिले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेचा त्यात गौरव झाला. आम्हांस त्याचा आनंद आहे. मात्र त्या उत्सवात ज्वारीच्या बिस्किटांवर जेवढी भाषणे झाली, त्याच्या दहावा हिस्साही कडब्यावर झाली नाहीत. कणसाची पूजा करावयाची आणि ताटाला विसरावयाचे, ही शहरी दृष्टी आहे.

येथे दोन धोक्यांचे इशारे देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. पहिला बुरशीचा. ट्रेमध्ये ऊब आणि ओल दोन्ही असतात, आणि त्या जेथे नांदतात तेथे बुरशी आल्यावाचून राहत नाही. फुटके, किडके दाणे न निवडता टाकले, ट्रे रोज घासले नाहीत, पाणी साचू दिले, तर हिरव्या पात्याखाली मुळांची गादी काळी पडते आणि असा चारा खाऊन जनावर दगावूही शकते. बुरशीचा वास येताच तो ट्रे उकिरड्यात जावा. लोभ धरू नये. औषध चोळलेले पेरणीचे बियाणेही कधी वापरू नये. दुसरा धोका त्याहून मोठा. मका महाग झाला म्हणून घरची ज्वारी भिजत घालण्याचा मोह कोणासही होईल. तसे मुळीच करू नये. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत विष असते. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर फुगते, धापा टाकते आणि घटकाभरात कोसळते, त्याला आपल्याकडे किराळ लागणे म्हणतात. जुन्या जाणत्यांना हे ठाऊक आहे. पत्रके वाटणाऱ्यांनी ते ठळक अक्षरांत छापावयास हवे. ज्वारी मोडासाठी नव्हे, ती कडब्यासाठी.

तेव्हा आमच्या मागण्या मोजक्या आणि स्पष्ट आहेत. मातीविना चाऱ्याच्या यंत्राला जे सरकार अनुदान देईल त्याने विक्रेत्यास चाऱ्याचे ओले वजन न सांगता सुके वजन आणि सुक्या वजनाचा दर लिहून देण्याची सक्ती करावी. लाखांची वातानुकूलित यंत्रे शेतकऱ्याच्या गळ्यात बांधण्याऐवजी बांबू, गोणपाट आणि सावलीची जाळी यांची साधी मांडणी शिकवावी; साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी घरच्या मक्यावर अशा मांडण्या थोडक्या खर्चात चालवून दाखविल्या आहेत. ही मांडणी गाभण गाई, वासरे आणि शहरातील तबेले यांच्यापुरती, तोंडीलावणे म्हणून सुचवावी. तीच पोटभर वैरण आहे असा भास निर्माण करू नये. जो शेतकरी रब्बीला ज्वारी पेरील त्याला नुसत्या धान्यावर आधार न देता कडब्याच्या पेंढीवरही आधार मिळावा. सुगीत कडबा विकत घेऊन तो उन्हाळ्यासाठी राखणाऱ्या गावकीच्या वैरण पेढ्या निघाव्यात, आणि घरोघर कुट्टी यंत्र पोहोचावे, कारण अख्खा कडबा घातला तर त्याचा चांगलाच हिस्सा जनावरांच्या पायदळी जातो. दुष्काळ पडताच चारा जिल्ह्याबाहेर नेऊ नये असे हुकूम निघतात. ते काढताना नदीच्या दोन काठांवर एकच माणसे आणि एकाच दावणीची जनावरे राहतात, हे हुकूम काढणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. आणि हे सारे ज्ञान ज्या गावात मराठी बोलली जाते त्या गावात मराठीतून पोहोचावे. किराळ कशाने लागते हे परक्या भाषेतल्या पत्रकावरून गुराख्याला समजावे, अशी अपेक्षा कोणत्याच सरकारने धरू नये.

आमच्या शेतकरी बांधवांसही एक सांगणे आहे. पत्रक घेऊन येणाऱ्याला हाकलून देऊ नका. त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या आणि तीन प्रश्न विचारा. मका कोठला? सुके वजन किती? आणि यंत्राचे कर्ज फिटेपर्यंत म्हैस दूध देईल काय? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली तर अवश्य एक मांडणी उभारा, चार ट्रे लावून पाहा, जनावराची चव आणि आपला खिसा दोन्ही तपासा. उत्तरे मिळाली नाहीत तर त्याच पैशांत मालदांडीचे बियाणे आणा आणि बांधालगतच्या दोन पट्ट्यांवर रब्बीत ज्वारी पेरा. विज्ञानाला आमचा विरोध नाही, कधीही नव्हता. पण जे विज्ञान आमच्या शेतात आणि आमच्या गोठ्यात सुक्या वजनावर उतरते तेवढ्यालाच आम्ही विज्ञान म्हणू. मांजरा पुन्हा केव्हा आटेल हे कोणास सांगता येणार नाही. मात्र ती आटेल त्या वर्षी ज्याच्या दारात कडब्याची गंजी उभी असेल, त्याला दलालाशी बोलताना मान खाली घालावी लागणार नाही.